शारजात राहायला जातेय, तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं ते सांगा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे. नवऱ्याला जेबेल अलीतल्या एका कंपनीत नोकरी लागलीय, तो पुढच्या महिन्यात जातोय आणि मागोमाग मी मुलाला घेऊन जाणार, मुलगा तिसरीत जाईल. कंपनीतले लोक म्हणाले दुबईचं भाडं झेपणार नाही, शारजात घर बघा, त्यामुळे शारजा जवळजवळ ठरल्यातच जमा आहे.

आता ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. मावसभाऊ म्हणतो मजा आहे तुमची, सगळं चकाचक. चुलतसासूबाई म्हणतात दुपारी बाहेर पाय टाकला तर चपला वितळतात. शेजारच्या काकूंना फक्त एवढंच जाणून घ्यायचंय की देव्हारा नेऊ देतात का. यूट्यूब उघडलं की बुर्ज खलिफा आणि वाळूत उड्या मारणाऱ्या गाड्या. मला ते नकोय हो, मला साधं रोजचं सांगा. भाजी कुठून आणायची, शेजारी बोलतात का, भाषेचं काय, मी एकटी बाहेर पडू शकते का, रमजानमधे कसं वागायचं, गणपती बसवता येतो का. आणि गमतीचे किस्से असतील तर तेही लिहा, आम्ही दोघंही थोडे घाबरलोय, जरा हसलो तर बरं वाटेल.

कराम्यातली_काकू

ताई, शारजात घर आणि जेबेल अलीत नोकरी हे वाचलं आणि मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. शारजा दुबईच्या या टोकाला आणि जेबेल अली पार त्या टोकाला, मधे अख्खी दुबई, एका बाजूने पन्नास-साठ किलोमीटर. लाखो लोक शारजातून रोज दुबईत येतात, सकाळी सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला आणि संध्याकाळी सगळ्यांचं उलट्या दिशेला, त्यामुळे रिकामा रस्ता असेल तर पाऊण तासाचं अंतर पण सकाळी दीड-दोन तास कुठे जातात कळत नाही.

त्यात सालिक, म्हणजे दुबईचा टोल. गाडीच्या काचेवर स्टिकर असतो, कमानीखालून गेलात की पैसे आपोआप कटतात. जानेवारी २०२५ पासून वेळेप्रमाणे दर आहेत, आठवड्याच्या दिवशी सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८ मधे ६ दिरहम, बाकी वेळी ४, आणि रात्री १ ते सकाळी ६ फुकट. आता हे फुकट वाचून आपला माणूस काय करणार? सहाच्या आत शेवटची कमान ओलांडणार! साडेपाचला ऑफिसच्या पार्किंगमधे चक्कर मारा, रांगेने गाड्या उभ्या, सीट मागे पाडलेली, तोंडावर टॉवेल, मोबाईलला आठचा अलार्म, आणि आत एकेक अकाउंटंट, एकेक इंजिनियर गाढ झोपलेला. माझे यजमान तर हे फुकट व्हायच्या कितीतरी वर्षं आधीपासून, गर्दी चुकवायला, त्यातलेच, गाडीत उशी, टूथब्रश आणि इस्त्रीचा शर्ट कायम. कोणी याला हसलं तर मला राग येतो, ही माणसं संध्याकाळी मुलं जागी असताना घरी पोचता यावं म्हणून हे करतात.

टोल नको असेल तर मोहम्मद बिन झायेद रोडने जा, तिकडे सालिक नाही, आणि म्हणूनच तिकडे सगळं जग. नॅशनल पेंट्स नावाच्या कारखान्याजवळचा तो चौक लक्षात ठेवा, शारजातल्या माणसाला फोन करून कुठे आहेस विचारलं आणि तो नॅशनल पेंट्स म्हणाला तर जेवायला त्याची वाट बघायची नाही.

माझा सल्ला, घर घेण्याआधी मेट्रोचा विचार करा. शारजात मेट्रो नाही. दुबईची रेड लाईन राशिदियापासून सुटते, त्या स्टेशनचं नाव आता सेंटरपॉइंट आहे पण जुने लोक राशिदियाच म्हणतात, तिथे मेट्रोने जाणाऱ्यांना पार्किंग फुकट आहे आणि गाडी थेट जेबेल अलीच्या दिशेला जाते. साहेबांना बसून जाता येईल, वाचता येईल. फक्त डब्यात खाऊ नका म्हणावं, च्युइंगगमसुद्धा नाही, १०० दिरहम दंड आहे. आणि घाईत बायकांच्या डब्यात चढू नका म्हणावं, तिथेही १०० दिरहम.

तुम्ही एकटीने फिरण्याचं विचारलंत, अगदी बिनधास्त. रात्री अकराला मी भाजी घेऊन चालत येते. गुलाबी टपाच्या टॅक्स्या असतात, त्या बायका चालवतात.

मुवेलातली_मुग्धा

मी शारजातच, मुवेलाला, जिथे ओळीने शाळाच शाळा आहेत. काकूंनी रस्त्याचं सांगितलं, मी घराचं सांगते.

सगळ्यात आधी पाणी. टाक्या गच्चीवर असतात आणि जून ते सप्टेंबर नळाचं थंड पाणी थंड नसतं, हाताला चटका बसतो. म्हणून मे संपता संपता आम्ही गीझर बंद करतो. गीझर घरात एसीच्या गारव्यात असतो, त्यातलं पाणी साठून निवतं, मग अंघोळीला लाल खुणेचा नळ सोडायचा म्हणजे गार पाणी येतं आणि निळ्या खुणेचा सोडला की कढत. पहिल्या उन्हाळ्यात माझे सासरे आले होते, त्यांना मी दारातच हे समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि आत जाऊन निळा नळ सोडला, मग जी हाक आली ती शेजारच्या फ्लॅटपर्यंत गेली. पण पुढे तेच सगळ्या पाहुण्यांना समजावून सांगायचे, फार आवडीने.

बाहेर ऊन ४५ च्या आसपास आणि ऑफिसात, मॉलमधे, शाळेच्या बसमधे एसी एवढा की स्वेटर लागतो. नाशिकहून स्वेटर आणा, खरंच सांगते, जुलैमधे वापराल. चष्मा असेल तर दारातून बाहेर पडल्या पडल्या काच धुक्याने भरते, दमट हवेमुळे, दोन मिनिटं तिथेच उभं राहायचं, आमच्या बिल्डिंगच्या दाराशी सकाळी असे चार-पाच जण चष्मे पुसत उभे असतात आणि तिथेच एकमेकांशी ओळखी होतात. आणि वाळू. १९९८ च्या एप्रिलमधे शारजात सचिनने १४३ केले तेव्हा मधेच वाळूचं वादळ येऊन मॅच थांबली होती ते आठवतंय ना सगळ्यांना? तीच वाळू अजून आमच्या बाल्कनीत येते. कपडे बाल्कनीबाहेर लटकवायचे नाहीत हेही लक्षात ठेवा, दंड होतो.

भाजी, दूध, ब्रेड याला बकाला आहे. प्रत्येक बिल्डिंगखाली एक छोटं किराणा दुकान, बहुतेक मल्याळी माणसाचं, फोन केला की एक कोथिंबिरीची जुडी सुद्धा वर आणून देतात. आमच्या बकालावाल्या दादाला बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराचं माहिती असतं, कोण गावाला गेलंय, कोणाकडे बाळ झालंय, कोणाला डायबेटिस निघालाय. मी साखर दोन किलो मागवली की विचारतो, चेची (म्हणजे ताई), पाहुणे? त्याच्या हिशेबाच्या वहीत आमचं घर फ्लॅट नंबरवर नाही, मुलाच्या नावावर आहे. परक्या देशात कोणी आपल्याला असं ओळखतं याचा मला फार आधार वाटला होता.

सुट्टीचं नीट समजून घ्या. युएईने, म्हणजे दुबई-शारजा ज्यात येतात त्या देशाने, जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी केली, शुक्रवार सरकारी कचेऱ्यांना अर्धा दिवस. पण शारजाने शुक्रवार-शनिवार-रविवार तिन्ही दिवस सुट्टी दिली, शाळा सोमवार ते गुरुवार. म्हणजे शाळा शारजात आणि नोकरी दुबईत असली की शुक्रवारी मुलगा घरी आणि बाबा ऑफिसात. आमच्याकडे शुक्रवार सकाळ हा आई आणि मुलांचा स्वतंत्र सण झालाय, अकराच्या आत पार्कात जाऊन येतो, मग दुपारी सगळ्या बाया एका घरी.

शाळेत अरबी शिकावीच लागते. मुलगा घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि अरबी, बसमधे हिंदी आणि मित्रांमधे मल्याळम बोलतो. परवा आजीशी बोलताना त्याने एका वाक्यात चार भाषा घातल्या, आजीला काही कळलं नाही पण ती मोठ्या कौतुकाने सगळ्यांना सांगत होती. तुम्हाला स्वतःला हिंदी येत असेल तर पुरे, अडत नाही.

आणि निघायच्या आधी सासूबाईंच्या फोनवर बोटिम हे कॉल करायचं अ‍ॅप टाकून द्या, जमलं तर सराव करून घ्या. इथे व्हॉट्सॅपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही.

शेजारी बोलतात. समोर इजिप्तची बाई आहे, रमजानमधे एका संध्याकाळी ताटली भरून गोड घेऊन आली. आता आपल्यात शेजारणीचं भांडं रिकामं परत करतात का? मी पुरणपोळी दिली. मग ती पुन्हा काहीतरी घेऊन आली. असं करत करत महिना गेला, दोघींचीही वजनं वाढली आणि ईदला तिने मला बहीण म्हणून तिच्या आईशी फोनवर बोलायला लावलं. रमजानमधे दिवसा रस्त्यावर, गाडीत वगैरे खायचं-प्यायचं नाही एवढं पाळा. ऑफिसची वेळ दोन तासांनी कमी होते. उपास सुटायच्या आधीच्या अर्ध्या तासात गाडी बाहेर काढू नका, सगळ्यांना घर गाठायचं असतं.

सहा_खाटा_एक_गॅस

वहिनी नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातला, बांधकामावर सुपरवायझरचा मदतनीस, शारजाला लागून असलेल्या अजमानमधे राहतो. तुम्ही फॅमिलीवाले, आम्ही बॅचलर. माझी मोठी मुलगी बारावीला आहे पण बायको इथे नाही म्हणून मी बॅचलर, आमच्या खोलीतले एक चाचा आजोबा झालेत तेही बॅचलर. फॅमिली बिल्डिंगमधे आम्हाला घर मिळत नाही, भाड्याच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं असतं.

खोलीत आम्ही सहा जण, मी मराठी, दोन बिहारचे, एक केरळचा, एक नेपाळी, एक राजस्थानी. स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या, कागद फ्रिजला चिकटवलाय. सगळ्यात मोठं भांडण तेलाचं झालं, केरळवाल्याला खोबरेल, बिहारवाल्यांना मोहरीचं, मला शेंगदाण्याचं. दोन महिने वाद चालला, शेवटी चाचांनी ठरवलं की ज्याची पाळी त्याचं तेल आणि खाणाऱ्याने तोंड वाकडं करायचं नाही. आता अशी गत आहे की मी सुट्टीत गावाला गेलो की खोबरेल तेलातला मासा आठवतो, आणि केरळवाला भाऊ माझ्या पाळीची वाट बघतो कारण त्याला शेंगाची चटणी पायजे. कडक भाकरी नेली होती गावाकडून, नेपाळी पोरगं ती चहात बुडवून खातं.

काम उन्हाळ्यात पहाटेच सुरू होतं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद असतं, सरकारी नियमच आहे, ते अडीच तास सावलीत सगळे आडवे. मग घरी फोन. दुपारी अडीच वाजता पूर्ण साईटवर वेगवेगळ्या भाषांत एकच बोलणं चालू असतं, जेवलीस का, पैसे पोचले का, पोरगं अभ्यास करतंय का.

वहिनी एक विनंती करतो. तुम्ही गणपती बसवणार म्हणताय. बसवा. दुबईच्या बर दुबई भागात मीना बाजारजवळ हिंदी लेन आहे तिथे फुलं, दुर्वा, सगळं साहित्य मिळतं, मूर्तीपण त्या भागात मिळतात. लोक घरातच टबात विसर्जन करतात. पण बसवला की आमच्यासारख्या दोघा-तिघांना बोलवा. घरातली आरती, बायकामुलांचा आवाज, वाटीतली खीर, हे आम्हाला दोन-दोन वर्षं ऐकायला-खायला मिळत नाही. मागं एका पुण्याच्या कुटुंबाने बोलावलं होतं, आम्ही सहाच्या सहा गेलो, बिहारवाल्याने आरतीला सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवल्या आणि त्या ताईंनी आम्हाला डबे भरून दिले. खोलीवर त्या डब्यातले मोदक कोणी किती खाल्ले यावर अजून भांडण आहे.

मस्कतचे_मामा

सगळं गल्फ एकच नाही हे जरा सांगतो, कारण आपल्याकडे दुबई म्हटलं की सगळं त्यात आलं असं धरतात. ओमानमधे टॅक्सी ओमानी माणूस स्वतः चालवतो, दुकानात, बँकेत, पेट्रोल पंपावर ओमानी दिसतो, आणि वयस्कर ओमानी माणसं छान हिंदी बोलतात. इथे मस्कतमधे मत्रहच्या जुन्या बाजारात मी अरबी झाडायला गेलो तर म्हातारा दुकानदार म्हणाला बैठो बैठो, पहले चाय पियो.

त्याला कारण आहे. या सगळ्या भागात पूर्वी आपला रुपयाच चालायचा. १९५९ मधे आपल्या रिझर्व्ह बँकेने आखाती देशांसाठी खास वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मधे स्वतःचा दिनार केला, बहारीनने १९६५ मधे, १९६६ मधे रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर बाकीच्यांनीही रुपया सोडला, ओमानमधे मात्र तो १९७० पर्यंत टिकला. म्हणून मला कोणी म्हटलं की आपण इथे परके तर मी वाद घालतो. इथल्या आजोबांनी तरुणपणी आपल्या नोटांनी बाजार केलेत.

सुट्टी आमच्याकडे शुक्रवार-शनिवार. दुबईतल्या भावाला शनिवार-रविवार. दोघांना मोकळा असा शनिवार एकच, त्यामुळे एकत्र फिरायला जायचं म्हटलं की तीन महिने आधीपासून फोनाफोनी.

रत्नांग्रीकर_कुवेत

मी कुवेतात ऐंशीच्या दशकात आलो, आता निवृत्तीला टेकलोय. आमच्या खाडीपट्ट्यातल्या प्रत्येक वाडीत कुवेत, सौदी, दुबईची घरं आहेत, त्यामुळे माझ्या आधी मामा होते, मामांच्या आधी त्यांचे शेजारी.

मला सामानाबद्दल सांगायचंय. तेव्हा फोन महाग होता, लोक घरच्यांना टेपरेकॉर्डरवर बोलून कॅसेट पाठवायचे. गावाला जाणाऱ्याच्या हातात दहा-बारा कॅसेटी, घरी गेल्यावर त्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या आणि उलट बाजूच्या भरून आणायच्या. आमच्या आईने पहिल्या कॅसेटमधे अर्धा तास फक्त कोंबड्यांना हाका मारल्या होत्या, तिला वाटलं टेप अजून सुरू झाली नाही. मी ती किती वेळा ऐकली सांगता येत नाही.

आता कॅसेट गेली पण गावाला निघालास का हा प्रश्न काही गेला नाही. तुमचं तिकीट निघालं हे ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून फोन सुरू. फक्त दोन किलो आहे रे. बाळाचं दूध पावडर आहे. सासऱ्यांचं औषध आहे. तीस किलोच्या बॅगेत स्वतःचे कपडे सहा किलो, बाकी बदाम, टँग, निडो, टायगर बाम, साबण, अत्तर, सगळं दुसऱ्यांचं. येताना तेच, कोकम, सुकं, कुळीथ पीठ, सगळं दुसऱ्यांचं. विमानतळावर काट्यासमोर बॅगा उघडून माणसं या बॅगेतलं त्या बॅगेत करत असतात, अनोळखी माणूससुद्धा मदतीला बसतो, म्हणतो माझ्यात तीन किलो जागा आहे, द्या. नाही म्हणू नका ताई, उद्या तुमच्या मुलाचं औषध कोणीतरी असंच आणणार आहे. पण बंद पाकीट कोणाचंही घेऊ नका, समोर उघडून बघा आणि मग भरा, सख्खा भाऊ असला तरी.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, गीझरच्या जागी तो इतका हसला की मुलगा उठला. आणि पार्किंगमधे झोपणाऱ्यांचं वाचून एकदम गप्प झाला, मग म्हणाला मेट्रोजवळचं बघू या.

सोलापूरचे दादा, गणपतीला तुम्ही सहाही जण यायचं, आत्ताच सांगून ठेवते. मोदक मोजून करणार नाही.

दोन प्रश्न राहिले. सासूबाई वर्षाचा गोडा मसाला, अनारसे आणि करंज्या बांधून देणार आहेत, चालेल ना? आणि मुवेला की अल नहदा?

मुवेलातली_मुग्धा

थांबा!! खसखस आहे का त्यात? युएईत खसखशीवर बंदी आहे, ती अमली पदार्थांत धरतात, दाणेसुद्धा चालत नाहीत, लोक यात अडकलेत. अनारशावर खसखस, करंजीच्या सारणात खसखस, बऱ्याच घरी गोड्या मसाल्यातही असते. सासूबाईंना सांगा मसाला खसखस न घालता नवीन करा, तीळ-खोबरं-धणे-दगडफूल काय हवं ते घाला. अनारसे इथे करू, मी येते मदतीला. आणि घरच्या औषधांत कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेलं काही असेल तर आधी परवानगी लागते, डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही.

कराम्यातली_काकू

अल नहदा दोन आहेत, एक शारजाचं आणि रस्ता ओलांडला की दुबईचं, रस्त्याच्या या बाजूला एक भाडं आणि त्या बाजूला दुसरं. जेबेल अलीला जायचंय तर दुबईच्या बाजूचं छोटं घरही हिशेबात धरून बघा, शारजातलं मोठं घर स्वस्त पडतं पण साहेब त्यात जागे असताना किती वेळ राहणार तेही बघा. भाडं चेकने द्यावं लागतं, पुढच्या तारखांचे चार किंवा सहा चेक आधीच, तेव्हा बँक खातं लवकर उघडा म्हणावं.

आणि एक काम नाशकात असतानाच करून टाका. लग्नाचा दाखला आणि मुलाचा जन्माचा दाखला आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र खात्याकडून आणि मग युएईच्या वकिलातीतून अटेस्ट करून घ्या, इथे आल्यावर पुन्हा युएईच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का लागतो. फॅमिली व्हिसाला हे लागतंच, आणि याच्यामुळे कितीतरी घरं सहा-सहा महिने लांबलीत. मराठीत दाखला असेल तर इंग्रजीतला काढून घ्या आधी, नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळवून.